दुपारी दोनच्या मंदाताई

पुण्यात दुपारी दोन वाजता कुणाच्या घरी फोन वाजला, तर उचलणारा आधी 'कोण गेलं?' असं विचारतो. त्या वेळात माणसानं मरण्याखेरीज दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी शेजाऱ्याची झोप मोडू नये, असा इथला संकेत आहे. अशा शहरात दुपारी दोन ते तीन या वेळात लोकांनी आपण होऊन रेडिओला फोन करावा आणि मनातलं बोलावं, असा कार्यक्रम सुरू करायची कल्पना ज्यांच्या डोक्यातून निघाली ते आमचे संचालक अर्थातच पुण्याचे नव्हते. मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. त्यांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि कार्यक्रम सोमवारपासून लावला.

आमचं रेडिओ केंद्र म्हणजे कर्वेनगरातल्या एका संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. आमचा आवाज वारज्याच्या पुलापर्यंत नीट जायचा, पुढं खरखर. नंतर मोबाईलवर ऐकायची सोय झाली आणि हिंजवडी-कात्रजचे लोकही आम्हाला सापडले. मी तिथला यंत्रांचा माणूस. काचेच्या अलीकडं बसायचं, फोन उचलायचा, नाव-गाव विचारायचं, 'घरातला रेडिओ बंद करा' म्हणून बजावायचं आणि लाइन पलीकडं सोडायची. रेडिओ बंद करायला सांगायचं कारण असं, की बोललेलं प्रत्यक्ष ऐकू जायला आम्ही काही सेकंद उशीर लावत असू. कुणी शिवी दिली, कुणाचं नाव घेतलं, तर तेवढ्यात मला ते कापता यावं म्हणून. रेडिओ चालू राहिला तर बोलणाऱ्याला मागून स्वतःचंच मघाचं बोलणं ऐकू येतं आणि तो गोंधळतो. हे मी दिवसातून इतक्यांदा सांगत असे, की घरी दाराची बेल वाजली तरी माझ्या तोंडून 'रेडिओ बंद करा' निघायचं, असं आमची बायको म्हणते. ती थोडं वाढवून सांगते.

काचेच्या पलीकडं बसायला संचालकांनी ज्या बाई आणल्या, त्या मंदाताई इंगोले. साठी ओलांडलेली, उंच, सुती साडी, पदर खांद्याला पिन लावून पक्का केलेला. मूळच्या अमरावतीच्या. मुलगा नीलेश हिंजवडीत नोकरीला, सून रुचा घरूनच काम करणारी, बिऱ्हाड वारज्याला. नवरा गेल्यावर अमरावतीचं घर विकून त्या मुलाकडं आल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला 'गद्रेभाऊ' अशी हाक मारली. मला आजवर लोक गद्रे म्हणतात, फार तर गद्रेसाहेब म्हणतात. भाऊ म्हणायची परवानगी मी सख्ख्या बहिणीलासुद्धा नाइलाजानं दिलेली आहे. पण मंदाताईंनी परवानगी मागितलीच नव्हती, त्यामुळे नाकारायचा प्रश्न आला नाही.

खुर्चीत बसल्यावर त्यांनी सर्वांत आधी डाव्या कानातली कुडी काढली आणि टेबलावर ठेवली. मग हेडफोन लावला. उजवी कुडी तशीच. मी विचारलं तर म्हणाल्या, "सवय आहे. एक्स्चेंजला असताना एकाच कानावर असायचं ना यंत्र." मंदाताईंनी जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली होती. ट्रंक कॉलच्या काळात अमरावतीहून कुणाला नागपूर, अकोला, मुंबई हवी असेल तर ती त्यांच्या हातून मिळायची. रोज तासभर ही बाई एका कानात कुडी आणि एका कानात लोकांची दुःखं घेऊन बसायची, आणि तीन वाजता कुडी परत घालून चहा मागायची.

पहिला आठवडा मी मनातून खूश होतो, कारण फोन आले नाहीत. मग हळूहळू यायला लागले, आणि माझ्या लक्षात आलं की मी पुण्याची दुपार चुकीची वाचली होती. घरातलं एक माणूस झोपतं, तेव्हाच दुसऱ्याला बोलायला मोकळीक मिळते. सासू झोपली की सून फोन करायची, सून ऑफिसला गेली की सासरा करायचा. जेवणाच्या सुट्टीत कंपनीतली मुलं करायची.

मंदाताईंचा पहिला प्रश्न ठरलेला होता. इतर लोक 'बोला, काय अडचण आहे?' असं विचारतात. मंदाताई विचारायच्या, "आत्ता कुठं उभ्या आहात?" गावाचं नाव त्यांना नको असायचं, ते मी आधीच घेतलेलं असे. त्यांना नेमकी जागा हवी असायची. आणि माणसं सांगायची. जिन्याच्या वळणावर. गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागं. न्हाणीघरात, नळ सोडून. हॉस्टेलच्या इस्त्रीच्या खोलीत. पार्किंगमधल्या गाडीत, काचा वर करून. एकदा एक गृहस्थ देवळाबाहेर चपला सांभाळायच्या जागेपाशी उभे राहून बोलत होते, आणि मधेच कुणाला तरी "ती नाही हो, ती माझी" असं सांगत होते.

"हे काय विचारता तुम्ही?" मी एकदा म्हटलं. "जागेचा काय संबंध?"

"घाबरलेल्या माणसाले जे माहीत हाये, ते आधी विचारायचं भाऊ," त्या म्हणाल्या. "दुःख कुठून सुरू झालं हे कोणाले सांगता येते? पण पाय कुठं आहेत हे सांगता येते. एक उत्तर बरोबर आलं की मग पुढचं निघते." माइकवर त्या बऱ्यापैकी पुस्तकी बोलत. माझ्याशी बोलताना मात्र अमरावती पूर्ण उतरायची.

'मी समजू शकते' हे वाक्य त्यांना मुळीच चालत नसे. सायली नावाची आमची एक तरुण निवेदिका होती, मंदाताई सुट्टीवर असल्या की ती कार्यक्रम घ्यायची. तिच्या तोंडी हे वाक्य सारखं असे. मंदाताईंनी तिला एकदा विचारलं, "तुला समजलंच असेल तर तिनं पुढचं सांगायचं कशाले?" सल्ला तर त्या देतच नसत. सल्ला म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरून कपाटं हलवणं, असं त्यांचं मत. त्या नुसत्या 'हं' म्हणायच्या. त्या 'हं'चे इतके प्रकार होते की काही श्रोते केवळ तेवढ्यासाठी ऐकत असावेत. मला सुरुवातीला वाटायचं, असं नुसतं 'हं' म्हणायला मानधन देतात तर मीही म्हणेन. एकदा घरी बायकोपुढं म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "ऐकत नसाल तर तसं सांगा."

मंदाताईंच्या भाषेवर आक्षेप येणार हे उघडच होतं. एक सदाशिव पेठी आवाजाचे निवृत्त गृहस्थ पहिल्या महिन्यात चारदा फोन करून मला सुनावून गेले. 'येऊन राहिले', 'जाऊन राहिले' ही काय भाषा आहे, केंद्राला कुणी जाणकार मिळाला नाही का, वगैरे. मधे काही महिने त्यांचा फोन नव्हता. पाचव्यांदा आला तेव्हा मी कंटाळून त्यांना सरळ आत सोडलं. म्हटलं, घ्या, ज्यांची तक्रार आहे त्यांनाच ऐकवा.

"आपण मराठीचा खून करता आहात," ते सुरुवातीलाच म्हणाले.

"हो का," मंदाताई म्हणाल्या. "आत्ता कुठं बसला आहात?"

"याचा इथं काय संबंध? खुर्चीत बसलोय."

"कुठल्या?"

 माझा हात बटणाकडं गेला. मग ते म्हणाले, "खिडकीपाशी. हिची आहे खुर्ची. ही इथं बसून तुमचा कार्यक्रम ऐकायची. तिला तुमची भाषा आवडायची. मला नाही आवडत." पुढची दहा-बारा मिनिटं ते बायकोबद्दल बोलले. व्याकरणाचा विषय पुन्हा निघाला नाही. नंतर ते नियमित फोन करू लागले, आणि दर वेळी माझ्याशी मात्र आधीइतकंच तुसडेपणानं बोलत. ते मला बरं वाटे.

हिंजवडीचा एक कंपनीच्या बसचा ड्रायव्हर होता. मूळ तिथलाच, शेतकऱ्याच्या घरातला. "कुठं उभे आहात?" म्हटल्यावर तो म्हणाला, "विहिरीवर." मग हसला. "म्हंजी विहीर न्हाई आता. गेटाच्या बाजूला बस लावायची जागा हाय ना, तिथं आमची विहीर व्हती. रोज तिच्यावरच बस लावतो. मागं पोरं बसल्यात, कानात वायरी घालून. त्यास्नी काय सांगायचं?" मी वाट पाहत होतो की मंदाताई आता जमीन, विकास, वगैरे काहीतरी काढतील. त्यांनी विचारलं, "पाणी कसं होतं तिचं?" तो माणूस बस सुटायच्या वेळेपर्यंत पाण्याबद्दल बोलत होता. मी घड्याळ दाखवून हातवारे करत होतो. मंदाताईंनी माझ्याकडं पाठ केली.

त्यांचा एक नियम होता, आणि तो त्या सल्ल्याच्या नियमापेक्षाही कडक पाळत. लाइनवर ऐकलेलं लाइनवरच राहिलं पाहिजे. ते घरी न्यायचं नाही, बाजारात न्यायचं नाही, डोळ्यांतसुद्धा आणायचं नाही. एक्स्चेंजमध्ये असताना त्यांना अर्ध्या अमरावतीची गुपितं ठाऊक असायची. कुणाची बदली झाली, कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या घरी डॉक्टरनं काय सांगितलं, सगळं त्या घराआधी त्यांना कळायचं. संध्याकाळी तीच माणसं रस्त्यात भेटली की त्या फक्त भाजी काय भावानं घेतली ते विचारायच्या.

एकदा चहा पिताना त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. त्यांना अकोल्याचं एक स्थळ आलं होतं. बघण्याचा कार्यक्रम झाला, निरोप यायचा होता. एका दुपारी अकोल्याहून त्यांच्या घराशेजारच्या दुकानातल्या फोनवर त्यांच्या वडिलांसाठी ट्रंक कॉल आला, आणि बोर्डावर होत्या मंदाताईच. लाइन जोडली तर ती नीट लागली की नाही हे ऐकावं लागायचं. त्यांनी ऐकलं. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, मुलगी काळी आहे आणि उंचही जास्त आहे, तेव्हा क्षमा करा.

"मीच जोडून दिला होता माझा नकार," मंदाताई म्हणाल्या. "आवाज एकदम क्लिअर आला."

संध्याकाळी त्या घरी गेल्या. वडील म्हणाले, अजून काही निरोप नाही बेटा. पोरीला लागू नये म्हणून म्हातारा लपवत होता. मग मंदाताईंनी काय केलं? त्या पुढचे कितीतरी दिवस रोज संध्याकाळी त्यांना विचारत राहिल्या, "बाबा, अकोल्याहून काही आलं का?" विचारलं नसतं तर वडिलांना शंका आली असती की हिला कळलं. वडील रोज म्हणायचे, नाही बेटा. असे दोघं एकमेकांना सांभाळत राहिले. "शेवटी बाबाच कंटाळले आणि दुसरं स्थळ घेऊन आले," असं म्हणून त्या हसल्या. मला काही हसू आलं नाही. मी त्यांना आणखी चहा दिला.

हे सगळं सांगायचं कारण पुढची गोष्ट. एका मंगळवारी मंदाताईंना डोळे तपासायला जायचं होतं, म्हणून कार्यक्रम सायली घेणार होती. घरी तसं सांगितलेलं होतं. दोनला काही मिनिटं कमी असताना पहिला फोन आला. बाईचा आवाज, अगदी दबका. "मीनल. वारजे." मी सवयीनं म्हटलं, रेडिओ बंद करा, फोन ठेवू नका, तुमचा पहिला नंबर आहे. एवढ्यात दार उघडून मंदाताई आत आल्या. डॉक्टर आले नव्हते, म्हणून त्या तिथूनच थेट इकडं आल्या होत्या. सायली आनंदानं उठली, मंदाताईंनी कुडी काढली, मी लाल दिवा लावला. वारज्याच्या बाईनं माझ्या सांगण्यावरून रेडिओ बंद केला होता. खुर्चीत कोण बसलंय हे कळायला तिला काही मार्ग नव्हता.

"नमस्कार मीनलताई," मंदाताई म्हणाल्या. "आत्ता कुठं उभ्या आहात?"

पलीकडं श्वास थांबल्याचं मला हेडफोनमध्ये ऐकू आलं. फोन कट होणार असं मी धरून चाललो होतो. मग आवाज आला, "गॅलरीत. कपडे वाळत घातलेत, त्यांच्या मागं."

या वेळी ती दबक्या आवाजात बोलली नव्हती. ती रुचा होती. कधी मंदाताईंना उशीर झाला की तिचा मला फोन येई, त्यामुळं मीही तो आवाज ओळखत होतो. मंदाताईंनी काचेतून माझ्याकडं पाहिलं. एरवी कार्यक्रम चालू असताना त्या कधी पाहत नसत. माझं बोट बटणावर होतं. त्यांनी मान हलवली, नको म्हणून.

"ऊन लागत नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही." मग रुचा बोलायला लागली. नवऱ्याला कंपनी तीन वर्षांसाठी जर्मनीला पाठवते आहे. तिलाही तिथून काम करता येणार आहे. महिनाअखेरीपर्यंत कळवायचं आहे आणि तो नाही म्हणणार आहे.

"का बरं?"

"त्याच्या आईमुळं. त्या आमच्या शब्दावर स्वतःचं घर विकून इथं आल्या. आता त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं?"

"रागावतील का त्या?"

"रागावल्या असत्या तर सोपं होतं हो," रुचा म्हणाली. "त्या रागवतच नाहीत. इतक्या वर्षांत आमचं एकदाही भांडण झालेलं नाही. मी मीठ विसरले तरी गप्प जेवतात. काही सांगायला गेलं की 'हं' म्हणतात. माझ्या मैत्रिणी म्हणतात तू नशीबवान. मला घरात कायम पाहुणे आल्यासारखं वाटतं. पाहुण्यांना कसं सांगायचं, की आम्ही निघालोय?"

मंदाताईंनी हेडफोन कानाशी दाबून धरला. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला जायचंय का, मीनलताई?"

"हो," ती म्हणाली. "फार जायचंय."

"हं," मंदाताई म्हणाल्या. हा 'हं' मी आधी कधी ऐकला नव्हता. "कपडे वाळले असतील. आत जा आता, सावलीत."

त्यानंतर त्यांनी उरलेला सगळा कार्यक्रम घेतला. कात्रजच्या एका आजोबांचं गुडघ्यांचं गाऱ्हाणं ऐकलं, एका मुलीचं परीक्षेचं ऐकलं. तीन वाजता हेडफोन काढला आणि कुडी घालायला लागल्या. कानाचं भोक काही सापडेना. शेवटी सायलीनं घालून दिली.

मला वाटलं, आता त्या घरी जाऊन बोलतील आणि विषय मिटेल. आठवडा गेला, त्या बोलल्या नव्हत्या. रुचानं आपल्याला ओळखलं, आपण तिला ओळखलं, हे दोघींना माहीत होतं किंवा नव्हतं. घरी कुणी चकार शब्द काढत नव्हतं. मी न राहवून म्हटलं, "अहो, सांगून टाका ना त्यांना, जा म्हणून."

"मले कोणी सांगितलं?" त्या म्हणाल्या. "तिनं सासूले नाही सांगितलं, गद्रेभाऊ. रेडिओवरच्या बाईले सांगितलं. मी ते घरी नेलं तर उद्या या शहरातल्या कोणत्या बाईनं माझ्यावर विश्वास ठेवायचा?"

"शहर गेलं खड्ड्यात. तुमचा मुलगा नाही म्हणून बसेल."

"ते मले समजते," त्या म्हणाल्या. "तो नाही म्हणंल, आणि मग जन्मभर तिघं मिळून छान वागू."

त्यांनी आडून सुचवून पाहिलं, पण ती कला त्यांच्यात नव्हती. जेवताना एकदा त्या म्हणाल्या, "आजकाल लोकांची मुलं जर्मनीला जातात म्हणे." हात दाखवून अवलक्षण. नीलेशला वाटलं, आईला कुठून तरी कुणकुण लागली आणि ती टोमणा मारते आहे. तो घाईघाईनं म्हणाला, "आम्ही कुठं जात नाही आई, तू काळजी करू नकोस." रुचा ताट उचलून आत गेली. महिना संपत आला होता.

मग एका दुपारी मंदाताईंनी सुट्टी घेतली. या वेळी कारणही सांगितलं नाही. सायली खुर्चीत बसली, मी फोन उचलला, आणि पलीकडून अख्ख्या शहराला पाठ असलेला आवाज म्हणाला, "शकुंतला. वारजे."

मी वहीत 'शकुंतला, वारजे' असं लिहिलं. मग म्हटलं, "रेडिओ बंद करा."

"माझा बंदच हाये," त्या म्हणाल्या. "बाजूच्या खोलीत चालू हाये. तो राहू दे."

मी लाइन सोडली. सायली तिच्या पद्धतीनं म्हणाली, "हाय शकुंतलाताई, वेलकम. सांगा, काय फील होतंय तुम्हाला?"

"फील काही नाही होत. राग येऊन राहिला."

सायलीचं तोंड उघडंच राहिलं. तिनं काचेतून माझ्याकडं पाहिलं. मी तिला हातानं सांगितलं, गप्प बस आणि ऐक. त्या मुलीनं तिच्या आयुष्यात पहिल्यांदा ते केलं.

"माझी सून म्हणते मी चांगली आहे," मंदाताई बोलत होत्या. आज माइकवरची भाषा नव्हती आणि घरचीही पूर्ण नव्हती. "मी चांगली नाही. मी भ्यालेली आहे. घर विकून आले. परत जायला जागा नाही. त्यांनी जा म्हटलं तर कुठं जाऊ? म्हणून मी आवाज चढवत नाही. ती वरण पातळ करते. मला पातळ वरण जात नाही. इतकी वर्षं खाल्लं, एक शब्द बोलले नाही. याला कोणी स्वभाव म्हणतात. हा स्वभाव नाही, ही भाडेकरूची वागणूक आहे. घरमालकानं काढू नये म्हणून तो जसा जिन्यातून हळू चालतो, तशी मी मुलाच्या घरात हळू चालले. आता मला कळलं की त्यांना कुठं जायचं आहे. कसं कळलं ते मी सांगणार नाही, ते माझ्याजवळच राहील. पण मला राग आला आहे. माझ्यासाठी थांबू नका. मला ओझं करून तुमच्या घरात बसवू नका. जा. मी एकटी राहीन. मला भीती वाटेल. वाटू द्या. पण जाण्याआधी माझ्याशी कोणीतरी एकदा धड भांडा."

आणि फोन बंद झाला. सायली रडत होती. मी गाणं लावलं. कुठलं लावलं ते आठवत नाही.

पुढचं मला दुसऱ्या दिवशी मंदाताईंनी सांगितलं. त्या आपल्या खोलीत दार लावून बोलत होत्या. रुचा शेजारच्या खोलीत काम करत होती, आणि त्या मंगळवारपासून ती रोज दोन वाजता रेडिओ लावत असे. त्यामुळं तिनं सगळं दोनदा ऐकलं. आधी भिंतीतून, आणि काही सेकंदांनी रेडिओवर. मंदाताईंनी फोन ठेवला तेव्हा रेडिओवर त्या अजून बोलतच होत्या. त्या गादीवर बसून आपलाच आवाज भिंतीतून ऐकत राहिल्या. मग दार उघडलं. रुचा दारात उभी होती, डोळे लाल.

"आई," ती म्हणाली, "वरण मी पातळ करत नाही. मी घट्टच करते. तुम्ही पाणी घालता."

"मी कायले पाणी घालू? घट्ट वरण करणारी बाई मी पाहिली नाही का जन्मात?"

"मग कोण घालतं?"

संध्याकाळी नीलेश घरी आला तेव्हा दोघी स्वयंपाकघरात तावातावानं भांडत होत्या. तोवर वरणावरून विषय पडद्यांवर, पडद्यांवरून रुचाच्या आईवर आणि तिथून जर्मनीवर गेला होता. तो बूट न काढता दारातच उभा राहिला. वरणात पाणी तोच घालत होता असं नंतर उघडकीला आलं. त्याला लहानपणापासून पातळ आवडायचं.

ते दोघं गेले. वारज्याची जागा मंदाताईंनी ठेवली, हिंजवडीत नोकरी करणाऱ्या विदर्भातल्या दोन मुली सोबतीला घेतल्या. कार्यक्रम पुढं वर्षभर चालला. मग नवे संचालक आले. ते पुण्याचे होते, त्यांनी दुपारी दोनला गाणी लावली. मंदाताई निरोपाला आल्या तेव्हा कुणाचं भाषण झालं नाही, कारण ते मी करायचं ठरलं होतं आणि मला ते जमलं नाही. या बाईनं एका सबंध शहराचं ऐकलं आणि कुणाला काही सुनावलं नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. इतक्या वर्षांत माझा कुणात असा जीव गुंतला नव्हता. ते मी त्यांना सांगितलं नाही, इथं लिहितो आहे.

परवा वारज्याच्या भाजी मंडईत त्या मला दिसल्या. मोबाईल तोंडासमोर धरून मोठमोठ्यानं बोलत होत्या. पलीकडं रुचा होती. उन्हाळ्यात तिकडं यायचं तिकीट तिनं परस्पर काढलं होतं आणि मंदाताईंना विचारलं नव्हतं, असा काहीसा मामला होता. "येणार नाही म्हणजे नाही. तिकीट तू काढलं, तूच बस त्या विमानात," त्या म्हणाल्या. भाजीवाला खूश होऊन ऐकत होता. मला पाहताच त्यांनी फोन तसाच बटाट्यांच्या ढिगावर ठेवला, मंडईच्या पत्र्याकडं तोंड करून, आणि माझ्या बायकोची चौकशी करायला लागल्या. बटाट्यांतून रुचाचा आवाज येतच होता. गोळ्या वेळेवर घेता का, त्या मुली रात्रीचं जेवतात का, उगाच हट्ट करू नका, डॉक्टरांचं मी इथं विचारून ठेवलंय.

"अहो, फोन चालू आहे," मी म्हटलं.

"चालू राहू द्या," त्या म्हणाल्या, आणि वांग्यांच्या टोपलीवर वाकल्या.

आवाज जरा थांबला. मग बटाट्यांतून आला, "आई, ऐकताय ना?"

मंदाताईंनी एक वांगं उचललं, देठाशी दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "नाही."